मिठाचा खड्डा

भुजंगराव पांचाळ कोणत्याही लोखंडाला पहिल्यांदा तळहात लावत नसत. दाराची कडी असो, कचेरीतले कपाट असो, सायकलचे हँडल असो, उजव्या हाताची बोटे मिटून त्यांची पाठ ते क्षणभर त्या वस्तूला टेकवत आणि मगच ती धरत. एकदा एका पाहुण्याच्या घरी पाण्याचा तांब्या पुढे आला, तर त्यालाही त्यांनी तशीच पाठ लावून पाहिली. त्या घरात वीज नव्हती. त्या गल्लीतही नव्हती. घरची बाई तांब्या धरून तशीच उभी राहिली. तिला वाटले, विटाळ पाहतात की काय.

बाहेर आल्यावर मी म्हटले, "मिस्त्री, तांब्यात कुठला आलाय करंट?"

"कुठं हाय अन् कुठं न्हाई हे डोळ्यांला दिसत असतं, वसंतराव, तं मी भ्यालोच नसतो," ते म्हणाले.

त्यामागे कारण होते. वीज उतरलेले लोखंड तळहाताने धरले, तर बोटे आपोआप आवळली जातात आणि मग माणसाला ती सोडवता येत नाहीत. पाठ लावली तर हात झटकला जातो. वायरमनचे काम करणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असते. पण बाकीचे ते कामापुरते पाळत. भुजंगराव झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत पाळत.

मी तेव्हा सेलूच्या वीजघरात कारकून होतो. आमचा मुलूख हैदराबाद संस्थानातून सुटला होता आणि अजून मुंबई राज्यात जायचा होता. कचेरीतले जुने कागद उर्दूत होते, नवे इंग्रजीत, आणि भांडणे मराठीत होत. वीज गावाला नवी होती. डिझेलवर चालणारी दोन यंत्रे, स्टेशन रस्त्यावरचे दिवे, काही सावकारांची घरे आणि रुई काढणाऱ्या दोन जिनिंग, एवढाच आमचा संसार. भुजंगराव तेव्हा पन्नाशीला आलेले. अंगाने किडकिडीत, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, खांद्याला खाकी पिशवी. हुद्दा मिस्त्रीचा, आणि काम मुख्यतः अर्थिंगचे.

अर्थिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. मोटरीचे लोखंडी अंग जाड तारेने जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडतात. मोटरीत बिघाड होऊन वीज त्या अंगात उतरली, तर ती तारेवाटे जमिनीत जाते. जमीन ती सहज घेत असेल तर एकदम एवढा प्रवाह धावतो की फ्यूज वितळतो आणि मोटर बंद पडते. कुणाला इजा होत नाही. पण जमीन ती घेत नसेल, तर फ्यूज वितळत नाही. मोटर चालू राहते. तिचे अंग जिवंत होऊन उभे राहते, आवाज नाही, ठिणगी नाही, वास नाही. मग जो कोणी पहिला हात लावील, त्याच्या अंगातून वीज जमिनीत जाते.

जमीन वीज घेते की नाही, हे मातीवर असते. हे मला कारकून म्हणून कधी कळले नसते. पण अर्थिंगच्या तपासणीच्या नोंदवहीत दोन सह्या लागत, एक तपासणाऱ्याची आणि एक कचेरीतल्या माणसाची. बाकीचे कारकून वही टेबलावर ठेवूनच सही करत. मला न पाहिलेल्या आकड्यावर सही करवत नसे. म्हणून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो.

भुजंगरावांना मातीची ओळख जिभेने होती. खड्डा खणायच्या जागी ते उकिडवे बसत, चिमूटभर माती जिभेच्या टोकावर ठेवत, डोळे मिटत आणि थुंकत. मग यंत्राची लाकडी पेटी उघडत, दोन लोखंडी खुंट्या अंतराने जमिनीत ठोकत, तारा जोडत आणि पेटीचा दांडा फिरवत. काटा हलून थांबला की मी आकडा लिहायचा. तो आकडा म्हणजे जमिनीच्या अडथळ्याचे माप, ओहम. आकडा जितका लहान, तितकी माती वीज सहज घेणारी. ओल्या काळीत आमच्या वहीत दोन-अडीच ओहम येत. स्टेशनकडच्या मुरमात तोच पत्रा, तेवढाच खोल, आणि आकडा चाळिशीच्या पुढे. मुरमात पाणी थांबत नाही आणि वीजही त्याला धरत नाही. दुधना नदीच्या काठची वाळू तशीच. आणि चोपण, म्हणजे जिथे उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा खार फुलतो ती माती, आकड्याला सगळ्यांत सरस. पण ती पुरलेला पत्रा चार-पाच वर्षांत खाऊन टाकते.

कचेरीतल्या लोकांनी एकदा त्यांची गंमत करायची ठरवली. तीन कागदी पुड्यांत तीन मात्या आणून टेबलावर ठेवल्या. "सांगा मिस्त्री, कुठली कुठली?"

पहिली त्यांनी चाखली. "ही बाजारातल्या विहिरीकडची काळी." बरोबर. दुसरी. "मालधक्क्याचा मुरूम." बरोबर. तिसरी जिभेवर ठेवली आणि त्यांचा चेहराच बदलला. दाराबाहेर जाऊन ते तीनदा थुंकले.

"ही मुतारीमागची हाय," ते आत येऊन म्हणाले. "कोन आनली रे मुडद्यानं?"

सगळे टेबलावर डोके टेकून हसत होते. भुजंगरावांनी तोंड धुतले, रुमालाने पुसले, आणि मग ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "पन एक सांगतो. अर्थिंगला हीच सगळ्यात झकास हाय. खार हाय ना हिच्यात."

यावर हसणे आणखी वाढले. मी मात्र नंतर यंत्र नेऊन मोजले. दीड ओहम.

त्यांचा सगळ्यांत कमी विश्वास होता तो काळीवर, आणि आमच्याकडे तर सगळीकडे काळीच. "मुरूम वाईट हाय तं बारा महिने वाईट हाय," ते म्हणत. "त्याच्यापासनं धोका न्हाई, कारन त्याच्यावर भरवसाच न्हाई. काळी फसवती. कार्तिकात लोन्यावानी असती अन् चैत्रात तिचं तोंड उघडतं." उन्हाळ्यात आमच्या शेतांत कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. तीच भेग पुरलेल्या पत्र्याजवळ पडली, तर पत्रा जमिनीत असून जमिनीला लागलेला नसतो. वर तार घट्ट, नट घट्ट, वहीत दोन ओहम. खाली पोकळी.

हे त्यांना कसे कळले, ते त्यांनी मला एकदाच सांगितले. आम्ही भर उन्हात एका मळ्याकडे पायी निघालो होतो. त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितले.

परभणीजवळच्या एका मळ्यात विहिरीवर मोटर बसवली होती. अर्थिंग भुजंगरावांनीच केले आणि कार्तिकात तपासून पास केले. चैत्रात मारोती नावाचा मळ्यातला गडी पाण्यातून तसाच ओल्या पायांनी मोटर पाहायला गेला.

"मी जाऊन खड्डा पायला," भुजंगराव म्हणाले. "हाताएवढी भेग. माझा पंजा मदी जात व्हता. पत्र्याला माती लागलेलीच न्हाई. अन् कागदावर काय? दोन ओहम. माझी सही."

डोक्याचा रुमाल पुन्हा घट्ट बांधून ते म्हणाले, "त्याचा हात मोटरीवरच व्हता. मिटलेला. सोडवायला लय वेळ लागला, वसंतराव."

त्या दिवसापासून मी त्यांच्या उलट्या हाताला हसलो नाही. पण भीती संसर्गाने लागते, तशी ती मला लागली. रात्री कंदील विझवताना त्याची तार मी जपून धरू लागलो. कंदिलाची!

भुजंगरावांच्या स्वतःच्या खोलीतही कंदीलच होता. वीजघरातल्या माणसाला घरी एक दिवा घेता येई, त्यांनी घेतला नव्हता. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, चहा देताना म्हणायच्या, "सगळ्या गावाला उजेड वाटायलेत अन् आमाला ह्यो काजळीचा डबा. वसंतराव, तुमी तरी सांगा की."

"खोली मुरमावर हाय," भुजंगराव म्हणायचे.

"मंग खोली बदला!"

"दुसरी काळीवर हाय."

साहेबांचीही त्यांना धास्ती. साहेब बाहेरगावचे, तरुण, इंजिनीयरिंग शिकून आलेले. ते लांबून दिसले तरी भुजंगराव सायकलवरून उतरून कडेला उभे राहत. पण दर फाल्गुनात एक अर्ज मात्र त्यांचा ठरलेला. तो मलाच लिहून द्यावा लागे. अर्थिंगची तपासणी कार्तिकात होते, ती पुन्हा वैशाखात व्हावी, जमीन तहानलेली असताना. साहेब दर वेळी शेरा मारत : वर्षातून एकदा पुरेशी आहे. ज्या वर्षी ही गोष्ट घडली त्या वर्षी शेरा न मारता ते नुसते हसले. "पांचाळ, जमिनीलाही तहान लागते का?"

"जी," भुजंगराव म्हणाले आणि मागच्या मागे बाहेर आले.

त्याच वर्षी स्टेशनाजवळच्या एका जिनिंगमध्ये जुने ऑइल इंजिन काढून विजेची मोटर बसवली होती. मोटरीसाठी पत्र्याची छपरी, तिला लोखंडी अँगलचे खांब, आणि एका खांबालाच मोटर चालू-बंद करायची लोखंडी पेटी. म्हणजे मोटर, पेटी आणि खांब, सगळे एकमेकांना लागलेले. छपरीमागे भिंतीच्या कडेला अर्थिंगचा खड्डा. भुजंगरावांनी तो माणूसभर खोल खणला, पत्रा उभा ठेवला, भोवती शिवारातून आणलेली काळी, मीठ आणि लोणारी कोळसा थरावर थर घातला. कार्तिकातला आकडा दोन. सही त्यांची आणि माझी.

काळी सुकू नये म्हणून खड्ड्यात रोज दोन घागरी पाणी घालायला हवे होते. ते काम त्यांनी गयाबाईला सांगितले. गयाबाई जिनिंगमध्ये सरकी उचलायची आणि भिंतीपलीकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या खोल्यांत राहायची. तिचे वर्षाच्या आतले लेकरू ती झोळीत घालून झोळी छपरीच्या खांबाला बांधायची, कारण मोटरीच्या पंख्याचा वारा तिथे येई. भुजंगरावांनी झोळी तिथे बांधू नको म्हणून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मंग तुमच्या डोक्यावर बांदू का, मिस्त्री? सावली दुसरी कुठं हाय?"

मीठ टाकायला ते पंधरा दिवसांनी जात. बाया त्याला मिठाचा खड्डाच म्हणू लागल्या. "आले बगा, खड्ड्याला जेवू घालायला," गयाबाई ओरडायची. "त्याला मीठ, त्याला पानी. आमाला इचारा की कदी!" पण पाणी ती नेमाने घाली. कोरडा खड्डा मी कधी पाहिला नाही.

चैत्रात भुजंगराव तापाने पडले आणि महिनाभर पिंगळीला, आपल्या गावी, जाऊन राहिले. वैशाख संपत आला तेव्हा परतले, ते पहिल्या दिवशी दुपारी माझ्या टेबलापाशी आले.

"वसंतराव, पेटी घेऊन जिनिंगला जाऊ."

"हुकूम कुठाय?"

"न्हाई. तुमी नुसतं चला. माझ्या जिवाला बरं वाटंना."

मी गेलो. जिनिंग जोरात चालू होती. हंगामाची शेवटची रुई निघत होती आणि हवेत कापसाचा भुगा तरंगत होता. खड्ड्याची माती ओली होती, वरून काळ्या चिखलाने गुळगुळीत लिंपलेली. मला सगळे ठीक दिसले. भुजंगराव उकिडवे बसले, चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. डोळे मिटलेले. मग उघडले. दुसरी चिमूट. मग तिसरी, जरा खोलातली.

"अळणी हाय," ते म्हणाले.

"काय?"

"ही माती माझी न्हाई."

त्यांनी पेटी उघडली. खुंट्या ठोकताना त्यांची हातोडी दोनदा चुकली. दांडा फिरवला. बासष्ट. मी लिहिले नाही. त्यांनी खुंट्या दुसरीकडे ठोकून पुन्हा फिरवला. बासष्ट.

तेवढ्यात गयाबाई आली. लेकराची दुधाची वेळ झाली होती. एका हाताने तिने खांब धरला होता आणि दुसऱ्याने झोळी उघडत होती.

"हात काड!" भुजंगराव ओरडले. त्यांचा आवाज इतका चिरका निघाला की ती दचकून मागे सरली.

"काय झालं? इंचू हाय का?"

"खड्ड्यातली माती कुनी काडली?"

गयाबाईच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. "मी," ती म्हणाली. "मी अन् माझ्या दोघी जावांनी. बाजाराच्या दिवशी."

आमच्याकडे धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी खारी माती पसरतात. ती पाणी खाली उतरू देत नाही. दर वर्षी वैशाखात बाया चोपणातून ती माती डोक्यावर आणतात, कोस-दीड कोसावरून. यंदा ती भिंतीला लागून तयार होती.

"धाबं गळतंय, मिस्त्री," गयाबाई सांगत होती. "मीठ तुमी टाकलं पन पानी मीच घातलं ना? अन् आमी काई खड्डा उघडा न्हाई ठिवला. भरून टाकला, रस्त्यावरचा चांगला मुरूम आनून, अन् वरनं चिखलानं लिंपला. तुमचा पत्रा तसाच ठिवला, तारीला हात न्हाई लावला. पानी बी रोज घालायले. कोळसा निगाला तेवढा चुलीला घेतला."

तिने काही चोरले नव्हते. तिच्या समजुतीने तिने घेतलेले परत भरले होते, आणि मुरमाला रोज दोन घागरी पाणी पाजत होती.

"मीच तं तिथं मीठ वतलं," भुजंगराव पुटपुटले.

आम्ही मॅनेजरकडे गेलो. मी वहीतला दोनाचा आकडा दाखवला आणि बासष्टचा सांगितला.

"मोटर चालू हाय ना?" मॅनेजर म्हणाला.

"चालू हाय म्हनूनच, साहेब," भुजंगराव म्हणाले. "बंद असती तं मी भ्यालो नसतो."

"आज कुनाला झटका बसला?"

"न्हाई."

"काल?"

"न्हाई."

"परवा शेवटच्या गाठी जायच्यात. मंग काय करायचं ते करा. न्हाई तं साहेबाचा कागद आना, आत्ता बंद करतो."

त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मला तेव्हा वाटले नाही. मोटरीत बिघाड नव्हताच. अर्थिंग नसल्याने कुणी मरत नाही, त्या जोडीला बिघाड व्हावा लागतो, आणि तो दोन दिवसांत होईलच असे कोण सांगणार? मी हे भुजंगरावांना म्हणालोही, छपरीकडे परत येताना.

"मारोतीलाबी कोनी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

छपरीत गयाबाई लेकराला पाजत बसली होती. पाठ खांबाला टेकलेली. तिला उठवून भुजंगरावांनी लांब बसवले. मग त्यांनी खांबावरच्या पेटीला हाताची पाठ लावली. थांबले. पुन्हा लावली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायचेही त्यांना सुचले नाही. आणि एकदम त्यांनी मुख्य खटका खाली ओढला, तिन्ही फ्यूज उपसून पिशवीत टाकले आणि पिशवीचे तोंड बांधले.

जिनिंग बंद पडते तेव्हा काय होते ते मी प्रथमच अनुभवले. आवाज हळूहळू खाली येत गेला, पट्टे थांबले, आणि इतके शांत झाले की तरंगता भुगा जमिनीवर बसताना दिसू लागला. मग माणसे धावत आली. मॅनेजर सगळ्यांत पुढे. काय काय बोलला ते लिहीत नाही. भुजंगराव पिशवी पोटाशी धरून उभे होते, मान खाली. मला वाटले, आता फ्यूज देतील. त्यांनी दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गडी लावून खड्डा उपसला. शिवारातून काळी आणली, मीठ आणले, कोळसा आणला, थर घातले, पाणी मुरवले. तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा दोनवर आला. तेव्हा त्यांनी फ्यूज स्वतः बसवले आणि सरळ कचेरीत येऊन साहेबांच्या दारात उभे राहिले. मॅनेजर आदल्या दिवशीच येऊन गेला होता.

साहेबांनी पत्र लिहिले, त्याची प्रत मीच केली. "परवानगी न घेता कारखाना बंद पाडला व विनाकारण भीती पसरवली." परभणीच्या गोदामात बदली. तिथे तारेची भेंडोळी मोजून द्यायची. मोजणीची पेटी पुन्हा हातात येणार नव्हती. मी म्हटले, "मिस्त्री, बासष्टचा आकडा मी पाहिलाय. मी लिहून देतो."

"नगा," ते घाईने म्हणाले. "मंग तुमालाबी बोलावतेल. मला भ्या वाटतं."

तरी मी वहीत तो आकडा लिहिला आणि खाली एकट्याची सही केली. ती वही पुढे कुणी उघडली नाही.

पावसाळा गेला, कापूस आला, जिनिंग पुन्हा सुरू झाली. मार्गशीर्षात एका सकाळी तिथून निरोप आला, फ्यूज गेला. वायरमनने नवा घातला, तोही तत्काळ गेला. मोटर उघडली तेव्हा कळले की आतल्या वेटोळ्यांवरचे वेष्टण उंदरांनी कुरतडले होते आणि तांब्याची तार थेट मोटरीच्या अंगाला टेकली होती. बिघाडाच्या नोंदवहीत एक ओळ झाली : फ्यूज गेला, मोटर दुरुस्तीस पाठवली.

मी ती ओळ वाचली आणि कागद पुढे ओढला. दाब दोनशे तीस व्होल्ट. खड्ड्याचे दोन ओहम, वीजघराच्या अर्थिंगचा एक, मिळून तीन. प्रवाह सत्याहत्तर अँपिअरच्या आसपास. फ्यूज तिसाचा, जाणारच. मग दोनाच्या जागी बासष्ट घातले. मिळून त्रेसष्ट. प्रवाह चारही नाही. तिसाच्या फ्यूजला चाराचा पत्ताही लागला नसता. मोटर चालू राहिली असती, आणि छपरीचे चारही खांब जिवंत. मी हिशेब दोनदा ताडून पाहिला. मग टोपी घातली आणि जिनिंगला गेलो.

गयाबाई चिडलेली होती. मोटर बंद म्हणून काम बंद.

"मोटर थांबली तेव्हा तू कुठं होतीस?" मी विचारले.

"हितंच की. लेकराला झोळीतून काडत व्हते."

"हात कुठं होता?"

"कोनता?"

"दुसरा."

तिला प्रश्नच समजेना. मग तिने सवयीने हात पुढे केला आणि खांब धरून दाखवला. "असा. रोजच्यावानी. कामून, भाऊ?"

"काही नाही," मी म्हणालो. तिथल्याच सरकीच्या पोत्यावर मी टेकलो.

पुढच्या आठवड्यात कचेरीच्या कामाने परभणीला गेलो. संध्याकाळी स्टेशनवर भुजंगराव भेटले. ते रोज पिंगळीहून गाडीने ये-जा करत. सहा-सात महिन्यांत खूप वाळले होते. मी त्यांना फ्यूजची गोष्ट सांगितली, आकड्यांसकट. ते ऐकत होते, पण आकड्यांकडे त्यांचे लक्ष नव्हते.

"गयाबाईचा हात कुठं व्हता?" त्यांनी विचारले.

मी सांगितले.

"अन् लेकरू?"

"तिच्या काखेला."

ते बाकावर बसले. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. फलाटाच्या मातीकडे पाहत म्हणाले, "तिला काई कळलं का?"

"काही नाही. काम बुडालं म्हणून मॅनेजरला शिव्या देत होती."

भुजंगराव हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना मोकळे हसताना पाहिले ते तेव्हाच. "झकास," ते म्हणाले. "असंच पायजे."

"मिस्त्री, आता तरी साहेबांना लिहू द्या. भीती विनाकारण नव्हती एवढं तरी."

हसू लगेच गेले. "नगा, वसंतराव. तपास लावतेल. गयाबाईला इचारतेल माती कामून काडली. तिला हाकलतेल." आणि जरा थांबून, "पुढल्या पावसाळ्यातबी तिचं धाबं गळंल. तिला सांगा, दुधनेकडच्या चोपणाची माती लय चांगली हाय. मी चाखलीय."

गाडी आली. गर्दी नव्हती. भुजंगराव डब्यापाशी गेले, दाराच्या लोखंडी दांड्याला हाताची पाठ लावली, क्षणभर थांबले. मागचा एक माणूस खेकसला, "चला की म्हातारबा, तापलाय का दांडा?" त्यांनी त्याला आधी जाऊ दिले, आणि मग दांडा घट्ट धरून ते वर चढले.

आज माझे स्वतःचे घर आहे, परभणीत, काळीवर. दर वैशाखात मी पेटीवाला बोलावून अर्थिंग मोजून घेतो. तो हसतो, मी आकडा लिहून ठेवतो. भुजंगराव त्या संध्याकाळनंतर मला दिसले नाहीत. गाडी सुटली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता. निरोप द्यायला काढलेला तो हात पिंगळीकडच्या वळणापर्यंत दिसत होता, बोटे मिटलेली, पाठ माझ्याकडे.